एका मंचावर नृत्य, स्टँड-अप, एकांकिका आणि बँड: क्रम, तालमी आणि मधली मिनिटे

प्रश्न थोडक्यात असा आहे: कला महोत्सवात एकाच संध्याकाळी, एकाच रंगमंचावर २५ मिनिटांचे समूहनृत्य, १५ मिनिटांचा स्टँड-अप, ४५ मिनिटांची एकांकिका आणि साधारण तासाभराचा बँड बसवायचा आहे. सभागृह सकाळी ९ पासून ताब्यात आहे, प्रयोग ६:३० ला. क्रम कसा लावायचा, तालीम कोणाची कधी घ्यायची आणि मध्ये किती वेळ सोडायचा?

अशा कार्यक्रमाची पत्रिका बहुतेकदा नावांच्या वजनावर ठरते. नवखे आधी, नामवंत शेवटी. मी आधी वेगळेच विचारतो: हा संघ विंगेत गेल्यावर मंचावर, हवेत आणि प्रेक्षकांच्या कानात काय उरते? नर्तकांना कोरडी, स्वच्छ, मोकळी जमीन लागते. नाटकानंतर त्याच जमिनीवर सांडलेले पाणी, कागदाचे कपटे, एखादा सुटा खिळा सापडतो. बँडने तासभर कानठळ्या बसवल्यावर एकट्या माणसाचे साधे बोलणे प्रेक्षकांना काही मिनिटे पातळ वाटत राहते. हे चित्र समोर ठेवले की क्रम बराचसा आपोआप ठरतो: नृत्य, मग पडद्यापुढे स्टँड-अप, मग एकांकिका, २० मिनिटांचे मध्यंतर आणि शेवटी बँड. बँडला ५५ मिनिटे धरली आणि निवेदन व टाळ्यांना मिळून १० मिनिटे दिली, तर एकूण १७० मिनिटे होतात. ६:३० ला पडदा उघडला तर ९:२० ला संपते.

स्टँड-अप दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याचे कारण पूर्णपणे व्यवहाराचे आहे. विनोदवीराला पडद्यापुढे दीड-दोन मीटर खोलीची पट्टी पुरते. तो बोलत असताना पडद्यामागे एकांकिकेचे सामान लागते आणि तुमची १५ मिनिटे वाचतात. अट एकच, मागचे काम मुके हवे. टेबल-खुर्च्यांच्या पायांना नमदा चिकटवलेला, माणसे मऊ तळव्यांच्या बुटांत, इशारे हातांनी. चिकटपट्टी ओढून काढणे, ड्रिल, घडीची शिडी उघडणे यातले काहीही त्या वेळात चालणार नाही. पट्टी फाडल्याचा आवाज पडद्यातून सरळ पहिल्या दहा रांगांपर्यंत जातो आणि नेमका पंचलाइनच्या आधीच्या शांततेत पडतो. म्हणून नृत्याची विनाइल मॅट विनोदवीराच्या मागे उचलायची नाही. ती तशीच ठेवायची, एकांकिका तिच्यावरच होऊ द्यायची आणि मध्यंतरात काढायची.

एकांकिका गंभीर असेल तर एक काळजी घ्या. हसून सैल झालेला प्रेक्षक पहिल्या दोन-चार संवादांवर हसण्याची कारणे शोधत असतो. स्टँड-अप संपल्यावर लगेच पडदा उघडू नका. निवेदकाने संथ लयीत मिनिटभर बोलावे, मग प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू, १५-२० सेकंद घेऊन, पूर्ण उतरवावेत आणि मगच पडदा. याउलट गंभीर नाटक संपल्या संपल्या विनोदवीराला उभे करणे म्हणजे त्याचा बळी देणे. असा क्रम टाळताच येत नसेल तर मध्ये मध्यंतर तरी हवेच.

आता तालमी. त्या कार्यक्रमाच्या उलट्या क्रमाने घ्यायच्या, म्हणजे शेवटी येणारा सर्वांत आधी. त्यामुळे सर्वांत शेवटी तालीम झालेल्याची मांडणी मंचावर तशीच राहते आणि पडदा उघडतो तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला काहीच हलवावे लागत नाही. वेळा साधारण अशा बसतात: ९ ते १० दिवे, वीज आणि चाकांचे चौथरे, १० ते ११:४५ बँडचा साउंड चेक, मग चौथरे वाद्ये-माइकसकट मागच्या काळ्या पडद्याआड आणि मॅट मंचावर सैल पसरून ठेवायची. जेवणाच्या सुट्टीत ती सपाट होते. १ ला पट्ट्या मारून पुसून घ्यायची. १:२० ते ३:४० एकांकिका, ३:४० ते ५:१० नृत्य, ५:३० पर्यंत विनोदवीर (तो पडद्यापुढेच असल्याने मागची मांडणी हलत नाही, म्हणून क्रमाला अपवाद), आणि ६ ला दारे उघडण्याआधी जमीन पुन्हा एकदा पुसणे. मागच्या पडद्याआड अडीच-तीन मीटर जागा नसेल तर ही योजना कोलमडते, त्यामुळे सभागृह ठरवतानाच ते माप घ्या.

जमिनीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चूक झाली तर माणूस जखमी होतो. मॅटखाली लवचीक लाकडी जमीन हवी. काँक्रीटवर किंवा फरशीवर पातळ विनाइल अंथरून उड्या मारायला लावणे हा घोटे आणि नडग्यांवर अत्याचार आहे. तिथे उड्या कमी असलेली रचना मागा किंवा नृत्य दुसऱ्या जागी न्या. समजा १० मीटर रुंद आणि ८ मीटर खोल जागा झाकायची आहे आणि गुंडाळ्या २ मीटर रुंदीच्या आहेत. म्हणजे १० मीटर लांबीच्या ४ गुंडाळ्या, त्यांच्यात ३ सांधे, सांध्यांना ३० मीटर पट्टी आणि चारही कडांना ३६ मीटर, एकूण ६६ मीटर. नृत्याच्या जमिनीसाठी मिळणारी विनाइलची पट्टी साधारण ३३ मीटरच्या रिळात येते. हिशेबाने २ रिळे पुरतात, पण ३ आणा. कापडी गॅफर टेप वापरू नका, त्याचा गोंद मॅटवर राहतो आणि तळपाय त्यावर अडतो. पट्टी ताणून लावायची नाही. विनाइल ताणले की तासाभरात आक्रसते आणि कडा उचलल्या जातात. सैल ठेवून हाताने किंवा फडक्याने घासत पुढे जायचे. मॅट थंड असताना पट्ट्या मारल्या तर दिव्यांखाली ती तापून पसरते आणि मध्येच फुगा येतो. आधी सैल पसरून ठेवायची ती याचसाठी.

पुसताना ओलसर मॉप आणि साधे पाणी. तेलकट किंवा चकाकी देणारे क्लीनर नकोत. बॅलेवाल्यांचा रोझिन (पाय घसरू नये म्हणून वापरायची राळेची पूड) विनाइलवर आणू देऊ नका, त्याने जागोजाग चिकट डाग होतात. घुंगरू बांधणारे किंवा टॅपचे बूट घालणारे असतील तर मॅटवर ओरखडे पडतील आणि आवाजही मरेल. त्यांना उघडे लाकूड जास्त मानवते. धुराचे यंत्र हा भांडणाचा विषय आहे. प्रकाशयोजनाकाराला किरण दिसायला धुके हवे असते, गायकाच्या घशाला ते नको असते, आणि जमिनीलगत सोडलेला दाट धूर मॅटवर ओलसर थर ठेवून जातो. माझा कौल स्पष्ट आहे: या मंचावर धुके फक्त बँडच्या वेळी, तेही गायकाची संमती असेल तर.

ध्वनीत सगळ्यात जास्त वेळ खाते ती तारांची अदलाबदल. ती टाळायची तर मिक्सरच्या चॅनेलची वाटणी सकाळीच ठरवा आणि रात्रीपर्यंत बदलू नका. १ वर निवेदक-विनोदवीराचा तारेचा माइक, २ वर त्याचा राखीव, ३-४ वर वाजवायच्या ध्वनिफितीची जोडी, ५ ते ८ वर नाटकासाठी मंचाच्या कडेचे माइक, ९ पासून पुढे बँड. डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येक संघाची मांडणी वेगळी साठवा, पण १ ते ४ हे चॅनेल त्या बदलातून वगळून ठेवा. नाहीतर बँडची मांडणी लोड होते त्याच क्षणी निवेदकाचा माइक बंद पडतो, आणि तो ओठ हलवत उभा असतो. हे इतक्या नेहमी घडते की महोत्सवांतल्या ध्वनितंत्रज्ञांना ते नवीन वाटत नाही.

विनोदवीराला गोलाकार जड तळाचा सरळ स्टँड, तारेचा डायनॅमिक माइक, निदान १० मीटर तार, एक उंच स्टूल आणि पाणी. वायरलेसपेक्षा तार बरी, कारण तिची बॅटरी संपत नाही आणि माइक स्टँडवरून काढून फिरणे हा त्याच्या खेळाचाच भाग असतो. १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका, म्हणजे माइक हाताळल्याची धडधड आणि ‘प’-‘फ’चे फटके कमी होतात. माइकची जाळी मुठीत झाकून बोलण्याची सवय असलेले बरेच असतात. तसे केले की माइक सगळीकडून आवाज ओढू लागतो आणि मॉनिटर (मंचावरच्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) शिट्टी मारतो. म्हणून मॉनिटर हलका ठेवा. त्याला मॉनिटरपेक्षा प्रेक्षकांचे हसू ऐकू येणे महत्त्वाचे आहे.

स्टँड-अपमध्ये तंत्रापेक्षा बैठक जास्त खेळ बिघडवते. ६०० खुर्च्यांच्या सभागृहात २०० माणसे विखरून बसली तर चांगला मजकूरही पडतो. हसू शेजारच्याकडून शेजाऱ्याकडे जाते. मध्ये तीन खुर्च्या रिकाम्या असल्या की ते तिथेच थांबते. बाल्कनी बंद ठेवा, मागच्या रांगांना दोरी बांधा, पुढून भरत या. मंचाची कड आणि पहिली रांग यांत चार-पाच मीटरची पोकळी असेल तर तिथे खुर्च्यांची एक जादा रांग टाका, अर्थात बाहेर पडण्याचा मार्ग अडणार नाही अशी. प्रेक्षागृहातले दिवे त्याच्या वेळी पूर्ण बंद करू नका, साधारण १० ते २० टक्के राहू द्या, म्हणजे त्याला पहिल्या काही रांगांतले चेहरे दिसतात. फॉलो-स्पॉट (माणसामागे फिरणारा झोत) नको, समोरून पसरलेला पांढरा, एकसारखा प्रकाश पुरतो.

वेळ संपत आल्याची खूण आधी ठरवा. मागच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लाल दिवा: दोन मिनिटे उरली की एकदा लागून विझतो, वेळ संपली की लागूनच राहतो. खूण काय आहे हे त्याला तालमीतच दाखवा. अंधारात मोबाइलचा टॉर्च हलवणारा माणूस त्याला दिसतोच असे नाही, आणि दिसला तरी तो प्रेक्षक समजून त्याच्यावरच विनोद करू शकतो.

नृत्याला माइक लागत नाही म्हणून ध्वनिवाले त्याकडे दुर्लक्ष करतात. खरी अडचण नर्तकांना संगीत कुठून ऐकू येते ही असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे प्रत्येक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. मुख्य स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. नर्तकांना त्यांचा थेट आवाज अंधुक, आणि २० मीटरवरच्या मागच्या भिंतीवर आपटून आलेला आवाज ठळक ऐकू येतो, तोही ११५-१२० मिलिसेकंद उशिरा. मग पुढची रांग आणि मागची रांग वेगवेगळ्या तालात पडते आणि दोष नृत्यदिग्दर्शकाच्या माथी येतो. उपाय म्हणजे दोन्ही विंगांतून आत तोंड केलेले स्पीकर. मंचाच्या पुढच्या कडेला मॉनिटर ठेवू नका, पहिल्या रांगांना पावले दिसत नाहीत.

ध्वनिफीत डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून मागा, आणि ती दोन स्वतंत्र यंत्रांवर ठेवा. ऑनलाइन वाजवणे नाही, ब्लूटूथ नाही. फोनवरून वाजवणे टाळा. नाइलाज असेल तर फोन फ्लाइट मोडवर. सुरुवातीची रिकामी शांतता कापलेली हवी. ऑपरेटरच्या कागदावर लिहिलेले हवे: नर्तक जागेवर उभे राहिल्यावर सुरू करायचे की संगीतावर त्यांची एन्ट्री आहे, आणि शेवट आपोआप होतो की हळूहळू विरवायचा आहे. अर्ध्या गोंधळांचे मूळ याच दोन ओळी न लिहिण्यात असते.

एकांकिकेसाठी १४० मिनिटे ठेवली आहेत ती संपूर्ण प्रयोग करून पाहायला पुरणार नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नका. रंगीत तालीम त्यांनी आपल्या जागी करून यावी. इथे फक्त क्यू ते क्यू तांत्रिक तालीम (क्यू म्हणजे दिवा किंवा ध्वनी बदलण्याचा ठरलेला क्षण): क्यूच्या आधीचे दोन संवाद, क्यू, नंतरचा एक संवाद, मग उडी मारून पुढचा. एका क्यूला तीन ते चार मिनिटे धरली तर ३५ ते ४५ क्यू बसतात. ८० क्यूंचा आराखडा घेऊन येणाऱ्याला तो कापायला लावा, आणि तेही आदल्या आठवड्यात. प्रकाश आणि ध्वनीचे क्यू एकाच माणसाने सांगायचे, म्हणजे रंगमंच व्यवस्थापकाने. ‘स्टँडबाय’ आधी, ‘गो’ नेमक्या क्षणी, आणि हेडसेटवर इतर कोणी इतर कशासाठीही ‘गो’ हा शब्द उच्चारायचा नाही.

सामानाच्या खुणा फक्त मागच्या दोन पायांच्या, इंग्रजी एल आकारात, प्रत्येक संघाचा रंग वेगळा. एक गोष्ट हमखास निसटते: या योजनेत नाटकाच्या खुणा मॅटवर असतात आणि बँडच्या खाली लाकडावर. बँडच्या खुणा मॅट अंथरण्याआधीच मारलेल्या हव्यात, आणि मॅट उचलल्यावर नाटकाच्या खुणा तिच्याबरोबर जातात. दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा असेल तर मोजमापे कागदावर घ्या.

नेपथ्य किती असावे याला एक उत्तम कसोटी महोत्सवांच्या जगातच आहे. १९४७ साली एडिनबरोच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था येऊन थडकल्या आणि त्यातून फ्रिंज, म्हणजे मुख्य महोत्सवाबाहेरचा समांतर महोत्सव, उभे राहिले. आज तिथे एकेका छोट्या सभागृहात दिवसभर एकामागून एक, बरेचसे तासाभराचे, प्रयोग होतात आणि प्रत्येक संघ मधल्या मोजक्या मिनिटांत आपले नेपथ्य लावतो आणि उचलतो. तोच हिशेब इथे लावा: चार माणसांना दहा मिनिटांत, न बोलता लावता येईल तेवढेच नेपथ्य. फ्लॅट्स (नेपथ्याच्या उभ्या खोट्या भिंती), जिना, खरी खिडकी असे काही आले की त्या नाटकाला वेगळी संध्याकाळ द्या.

प्रकाशात एकच नियम पाळा: दिवे एकदाच फोकस करायचे. समोरून चेहऱ्यांसाठी सर्वसाधारण प्रकाश, मागून उजेड, विंगांतून बाजूचे दिवे, आणि प्रत्येक संघाला एक-दोन खास जागा, बस. नृत्याचे खरे काम बाजूच्या दिव्यांवर चालते, त्यातही पोटरीच्या उंचीच्या. त्यांचे उभे खांब विंगेत असतात आणि नाटकातली धावत येणारी एन्ट्री नेमकी त्यांवर आदळते. खांबांच्या तळाला अंधारात चमकणारी पट्टी लावा आणि नटांना काळोखात एकदा चालवून आणा.

मध्यंतराची २० मिनिटे ही संध्याकाळची सर्वांत तंग वेळ. सामान बाहेर ४ मिनिटे, पट्ट्या काढून मॅट गुंडाळणे ६, चौथरे पुढे ढकलणे ३, जोडण्या आणि तपासणी ७. चौथरे मॅटवरून ढकलण्याचा मोह होईल, पण वजनाखाली चाके विनाइल गोळा करतात आणि फाडतात. तपासणीसाठी मोठ्याने वाजवायची गरज नाही. मंचावरचा एक जण क्रमाने प्रत्येक माइकवर बोट घासतो, मिक्सरवरचा हेडफोनमध्ये ऐकून अंगठा दाखवतो. तार काढता-लावताना चॅनेल म्यूट, विशेषतः ज्यावर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (तारेतूनच माइकला जाणारी वीज) आहे तो. नाहीतर धाडकन आवाज येतो आणि स्पीकरला इजा होऊ शकते. दुपारभर पडद्याआड उभ्या असलेल्या ड्रमसेटमधल्या स्नेअर या ड्रमच्या खालच्या तारा सैल करून ठेवलेल्या असाव्यात. त्या ताणलेल्या राहिल्या तर नाटकातल्या प्रत्येक मोठ्या आवाजाला मागून खरखर साथ देतात. तबला किंवा गिटार थंड खोलीतून थेट दिव्यांखाली आणली तर सूर हलतोच. वाद्ये अर्धा तास आधी विंगेत आणा आणि अंतिम जुळणी तिथे करा.

बँडची पातळी किती ठेवायची यावर वाद घालण्यापेक्षा मोजा. कामाच्या ठिकाणी कानांच्या संरक्षणासाठी अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला अवघी १५ मिनिटे. ५५ मिनिटांच्या बँडसाठी सरासरी ९४ च्या आत राहा. शेजारच्या सभागृहात दुसरा कार्यक्रम चालू असेल तर भिंतीतून पलीकडे जातो तो बास, आणि कापडी पडद्यांनी तो अडत नाही. तिथले शांत नाटक आणि इथला बँड एकाच वेळेत लावू नका. पलीकडे नृत्य असेल तर निभावते.

हे सगळे जमायला माहिती चार ते सहा आठवडे आधी हवी, आणि ‘काय लागेल?’ असे मोघम विचारून ती मिळत नाही. पायात काय असेल, पाणी-आग-माती-कागद उडवणे आहे का, स्ट्रोब (झपझप लुकलुकणारा दिवा) आहे का, माइक किती, ध्वनिफिती किती, सर्वांत जड वस्तू कोणती आणि ती किती जणांनी उचलायची, असे नेमके विचारा. कालावधी तोंडी घेऊ नका, न कापलेला व्हिडिओ मागा आणि स्वतः मोजा. स्ट्रोब असेल तर प्रवेशद्वारावर ठळक सूचना लावा.

एवढे करूनही उशीर होतोच. १० मिनिटे मागे पडलात तर ती कोणाकडून परत मिळतील हे आधीच ठरलेले हवे. नृत्य ध्वनिफितीला बांधलेले आहे, त्यातून काही कापता येत नाही. एकांकिकाही ऐन वेळी छाटता येत नाही. मध्यंतर छाटले तर बँडच्या जोडण्या अर्धवट राहतात आणि उशीर वाढतो. लवचीक आहेत फक्त निवेदक, विनोदवीर आणि बँड. विनोदवीराला कापायचे असेल तर तो मंचावर जाण्याआधी सांगा, ‘१५ ऐवजी ११’ असे आकड्यात. चालू असताना खुणा करून घाई केली तर त्याचा शेवट फसतो. बँडला साउंड चेकच्या वेळीच विचारून ठेवा की गाळायचे झाल्यास कोणती दोन गाणी, आणि त्यांची नावे व्यवस्थापकाच्या कागदावर लिहून घ्या. कोणाचे भाषण असेल तर ते नृत्याच्या आधी, पडदा बंद असताना, आणि निवेदकाच्या हातातल्या माइकवर. माइक वक्त्याच्या हाती सोपवला की तो परत मिळण्याची वेळ कोणीच सांगू शकत नाही.